टपावरच्या चार सायकली आणि माझी एक सही

प्रथम घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती नमूद करतो. बाकीचे त्यानंतर.

शुक्रवार, सायंकाळ. आमच्या सायकल मंडळाच्या आवारात शर्यतीच्या चार सायकली माझ्या गाडीच्या टपावर मी स्वतः चढवल्या आणि बांधल्या. त्या वेळी चारही निर्दोष होत्या. जबाबदार : कोणी नाही.

शनिवार, सकाळ. त्याच चार सायकलींवरून शुभेच्छांचा फ्लेक्स ताणण्यात आला. जबाबदार : तसा आदेश देणारे मंडळाचे सचिव, आणि तो फ्लेक्स आवळणारे महादूतात्या.

रविवार, सकाळ. साताऱ्याच्या पुढे एका घाटाच्या उतारावर अक्षता या सतरा वर्षांच्या मुलीच्या सायकलची दांडी धावत्या वेगात मोडली. जबाबदार : वरील दोघे, आणि आदल्या दिवशी 'सर्व सायकली सुस्थितीत मिळाल्या' या मजकुराखाली सही करणारा वाहतूकदार, म्हणजे प्रस्तुत लेखक.

त्यानंतरचा तिसरा सोमवार. मंडळाच्या चौकशी समितीने अपघाताचा दोष अक्षताला देऊन तिच्यावर दोन वर्षांची स्पर्धाबंदी घातली. जबाबदार : समितीचे अध्यक्ष, आणि पुन्हा माझी सही.

पूर्ण तारखा मी मंडळाला लिहिलेल्या पत्रांत आहेत. मंडळाचे नाव छापायचे नाही, ही संपादकांची अट मी मान्य केली आहे. ज्यांनी ओळखायचे ते वारांवरूनही ओळखतील.

अक्षताचे वय येथेच सांगून ठेवतो, कारण सारा प्रश्न त्या वयाचा आहे. त्या रविवारी झाली ती पहिली चाचणी; कनिष्ठ गटाची अंतिम राज्य निवड चाचणी यंदा दिवाळीनंतर आहे. त्या गटातली तिची ही अखेरची संधी. बंदी त्याआधी उठली नाही, तर नंतर उठून काही उपयोग नाही.

आता माझ्या कामाविषयी. शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी अठ्ठावीस वर्षे तपासनीस होतो. ओतीव लोखंडाचा नग थंड झाला की तो माझ्यापुढे येई, आणि मी त्याला लहान हातोडीने वाजवून पाही. सलग नग घंटेसारखा बोलतो. आत चीर असेल तर आवाज बसका येतो, मग वरून तो कितीही देखणा असो. कारखान्यातले लोक म्हणत, "साहेब, तुमी लोखंडाला इचारता, मानसाला का न्हाई इचारत?" मी म्हणे, लोखंड खोटे बोलत नाही. निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांच्या सायकली एका स्पर्धेला पोचवल्या, त्या सुखरूप पोचल्या, आणि तेव्हापासून गेली आठ वर्षे जिल्ह्यातल्या मुलांच्या सायकली माझ्याच गाडीने जातात. मुले मला इन्स्पेक्टरकाका म्हणतात.

मोटारीने सायकल नेणे यात काय मोठे, असे वाचकांना वाटेल. गाडीच्या मालकांनाही तसेच वाटते, म्हणून मला काम मिळते. नृसिंहवाडीला दर्शनाला निघालेल्या एका कुटुंबाने डिकीवर पट्ट्यांनी सायकल बांधली आणि तिचे चाक नेमके गाडीच्या धुराच्या नळीसमोर आले. वाडीच्या वाहनतळावर तो टायर असा फुटला की पेढ्यांच्या दुकानातले लोक रस्त्यावर आले. मालक मला फोनवर म्हणाले, "टायर फुटला हो." मी म्हटले, "फुटला नाही, शिजला. पस्तीस मैल तुम्ही तो मंद आचेवर ठेवला होता." त्याच सायकलीने गाडीची नंबर प्लेट पूर्ण झाकली होती आणि तो मोटार वाहन नियमांचा भंग आहे, हेही मी त्यांना त्याच फोनवर सांगितले. ते त्यांना आवडले नाही.

दुसरे एक दंतवैद्य. टपावर सायकल आहे हे विसरून त्यांनी गाडी स्वतःच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये घातली. पोर्च शाबूत राहिला. मला म्हणाले, "घरी आल्याच्या आनंदात लक्षात राहत नाही." तेव्हापासून ज्याच्या गाडीवर मी सायकल बांधून देतो, त्याच्याकडून फाटकाची किल्ली घेतो आणि टपावरच्या सायकलीच्या सीटखाली बांधून ठेवतो. घरात शिरायचे तर खाली उतरून वर पाहावेच लागते.

माझी पद्धत साधी आहे. सायकल आधी धुऊन पुसायची. धूळ राहिली आणि वर कापड गुंडाळले, तर ते कापड शंभर मैल पॉलिश पेपरचे काम करते. बाटल्या, दिवे, पिशव्या काढायच्या. पुढचे चाक काढून ते ज्यात बसते तो चिमटा टपावरच्या खाचेत अडकवायचा आणि मागचे चाक रुळीत, म्हणजे टपावरच्या लांब पन्हळीत, बसवून त्या चाकालाच पट्टी घालायची. शेजारशेजारच्या सायकलींची तोंडे उलटसुलट ठेवायची, म्हणजे एकीचे हँडल दुसरीला लागत नाही. पट्टीला एक पीळ द्यायचा; सपाट पट्टी वाऱ्यात घोंगावते आणि घोंगावता घोंगावता सैल होते. पाच मैलांवर थांबून पुन्हा हात लावून पाहायचे. आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा नियम असा : पट्टी हाताने ओढायची, अंगाच्या भाराने नाही, आणि दांडीवरून ती कधीही न्यायची नाही.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. पूर्वीच्या पोलादी सायकलीच्या दांडीवर दोन माणसे बसून पंचगंगेपर्यंत जात. आजची शर्यतीची सायकल कार्बनची असते. कार्बनच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून, थरावर थर देऊन तिची दांडी करतात. ती पायाचा जोर सोसते, रस्त्याचे धक्के सोसते, कारण त्या जोरासाठीच तिचे थर लावलेले असतात. पण वरून आवळली, तर कागदाच्या पुंगळीसारखी आत दबते. दबल्याचा डाग बाहेर दिसतोच असे नाही. आतले थर सुटतात, वरचा रंग तसाच चमकत राहतो. अशी दांडी ओळखण्याचा माझा उपाय जुनाच आहे. खिशातले नाणे घ्यायचे आणि दांडीवर बोटभर अंतराने वाजवत जायचे. टक टक टक असा कोरडा आवाज आला तर ठीक. मध्येच ठप्प आला, तर ती सायकल चालवायची नाही. त्यासाठी एक जुने, जाड नाणे माझ्या शर्टाच्या खिशात कायम असे.

आता शनिवारची सकाळ.

सात वाजता मी आवारात पोचलो, तेव्हा माझ्या गाडीच्या टपावर माणसे चढलेली होती. 'राज्य निवड चाचणीस हार्दिक शुभेच्छा' असा बारा फुटी फ्लेक्स आणि त्यावर एकवीस चेहरे. त्या एकवीस चेहऱ्यांत सायकल चालवणारे एकही नव्हते. फ्लेक्स चार सायकलींवरून शिडासारखा उभा करून बांधायचे काम चालू होते. ते काम करणारे महादूतात्या म्हणजे सचिवांच्या गावचे गृहस्थ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ऊस भरून आवळण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. त्यांनी बांधलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यापर्यंत एक कांडेही सोडत नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या हातात मालट्रकला वापरतात ती रुंद पट्टी होती. तिला दातेरी चक्राचा दांडा असतो. दांडा हलवला की प्रत्येक दात्यागणिक पट्टी आखडते. ती पट्टी चारही दांड्यांवरून गेलेली होती.

मी ओरडलो, "तात्या, थांबा! दांडीवरून पट्टी नको!"

"पावणं, हलतंय की ह्ये," वरून उत्तर आले. "वाऱ्यानं फडफडणार. तुमची ती फडक्याची पट्टी काय कामाची? मी आवळतो बघा, पुण्यापतूर हलायचं न्हाई."

"ऊस नाही तो, तात्या!"

"म्हनून तर हळू आवळलोय." आणि त्यांनी दांडा आणखी दोनदा मारला.

मी सचिवांकडे गेलो. ते पाहुण्यांच्या स्वागतात होते. म्हणाले, "काका, पाच मिनिटांचा फोटो आहे. गावाबाहेर गेलात की सोडून टाका. पाहुणे खोळंबलेत. प्रत्येक वेळी तुमचं कायद्याचं पुस्तक उघडायलाच पाहिजे का?"

आजूबाजूचे हसले. मी हे लिहितो, कारण त्या हसण्याचा माझ्यावर परिणाम झाला. आयुष्यभर कोणत्याही संशयास्पद कागदावर 'हरकतीसह' हा शब्द लिहिल्याशिवाय मी सही केलेली नाही. फौंड्रीत त्यावरून माझी चेष्टा होई. त्या सकाळी बॉनेटवर ठेवलेला पावतीचा कागद माझ्यापुढे आला. 'चार सायकली सुस्थितीत मिळाल्या.' मी वर पाहिले, फ्लेक्स पाहिला, पाहुण्यांकडे पाहिले, आणि नुसती सही केली. एक शब्द लिहायला दोन सेकंद लागले असते.

मग नारळ फुटला. ओवाळणी झाली. तबक माझ्यापुढे आले, मी खिशात हात घातला, हाताला नाणे लागले आणि ते मी तबकात टाकले. ते कोणते नाणे होते, हे शिरोलीचा पूल ओलांडल्यावर माझ्या ध्यानात आले.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. गाडीत चार स्पर्धक होते. अक्षता पुढे बसली होती. तिची मी ओळख करून देतो. गडहिंग्लजजवळच्या एका गावातली मुलगी. वडिलांचे बाजारात गुळाचे आणि मिरचीचे लहान दुकान. ते तिला लाडाने 'यव्वा' म्हणतात. दुकानात मिरची पोचवायला ती सायकल चालवू लागली आणि चढावर मोटारसायकलींना मागे टाकू लागली, तेव्हा शाळेच्या मास्तरांनी तिला मंडळात आणले. चाचणीसाठी मंडळाने तिला कार्बनची सायकल दिली होती. ती सायकल ती रोज स्वतः पुसत असे, आणि पुसताना तिच्याशी कानडीत बोलत असे.

फ्लेक्स काढला. चक्राचा दांडा माझ्या दोन्ही हातांनी उघडेना, इतकी पट्टी आवळली होती. शेवटी पंपावरच्या माणसाने पाय लावून तो उघडला. पट्टी सुटताना गाडीचा टप हलला. अक्षता खाली उभी राहून पाहत होती.

"काका, वाजवून बघायचं काय एकदा?"

मी अंगठ्याने दांडी चाचपली. ओरखडा नव्हता. पट्टीच्या विणीचा किंचित चकचकीत ठसा तेवढा रंगावर होता. घड्याळ पाहिले. चाचणीच्या नोंदणीची वेळ टळत होती.

"काही झालेलं नाही. बस गाडीत," मी म्हणालो.

नाणे नव्हते म्हणून वाजवले नाही, असे मी कोणत्याही चौकशीत सांगणार नाही. नाणे पंपावर मागून मिळाले असते. किल्लीने वाजवता येते, नखाने वाजवता येते. अठ्ठावीस वर्षे मी लोखंडाला विचारत आलो, आणि ज्या दिवशी एका मुलीने मला विचारायला सांगितले, त्या दिवशी मी घड्याळाला विचारले.

रविवारी पहिली चाचणी सुरू झाली. चढ संपवून उतारावरून स्पर्धक जिथे खाली येतात, त्या वळणाच्या पुढे मी गाडी लावून उभा होतो. चढाच्या माथ्यावरून आमच्या एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. "काका, तुमची पोरगी पहिली हाय! मागचं कोन दिसंना झालंय!" मी घड्याळ लावले. तो उतार तिला सात मिनिटांचा होता. सात झाली. आठ झाली. नवव्या मिनिटाला दुसऱ्या जिल्ह्याची मुलगी आली, मग तिसरी आली. चौथीने ब्रेक न लावता मागे हात दाखवला आणि काही ओरडली. मी चढावर पळत सुटलो. या वयात मी तसा पळालेलो नव्हतो.

तिसऱ्या वळणावर ती रस्त्याच्या कडेला बसलेली होती. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला. गळपट्टीचे हाड मोडले होते आणि दोन बोटे. हेल्मेट मध्ये फुटले होते, म्हणून डोके राहिले. पलीकडे सायकल होती. तिचे दोन भाग झाले होते, आणि मोडले होते तिथेच विणीचा तो चकचकीत ठसा होता. अर्धा एका तुकड्यावर, अर्धा दुसऱ्यावर.

ती मला म्हणाली, "काका, मी ब्रेक बरोबर लावला होता. खरंच."

तिला वाटले, मी तिला रागावणार आहे.

मी मोबाइलवर दोन्ही तुकड्यांचे फोटो घेतले. तुकडे माझ्या ताब्यात मागितले. सचिवांनी ते दिले नाहीत. मंडळाची मालमत्ता, म्हणाले. चौकशी होईल, म्हणाले.

चौकशी झाली. अहवाल अर्ध्या पानाचा आहे. 'सदर सायकल रवाना करतेवेळी सुस्थितीत असल्याबाबत वाहतूकदाराची स्वाक्षरी उपलब्ध आहे. सबब अपघात चालकाच्या बेदरकारपणामुळे घडल्याचे सिद्ध होते.' ही 'सबब' माझ्या सहीच्या पाठीवर उभी आहे. मला साक्षीला बोलावले नाही. फ्लेक्सचा उल्लेख नाही. अक्षताचे वडील प्लास्टरातल्या मुलीला घेऊन मंडळाच्या कचेरीत गेले, तेव्हा त्यांना अहवालाची प्रत देऊन बाहेर पाठवण्यात आले. ते तिथून माझ्याकडे आले. प्रत माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "साहेब, सही तुमचीच हाय न्हवं?" मी हो म्हणालो. त्यांनी प्रतीची घडी घातली. मग म्हणाले, "मग यव्वानं खोटं सांगितलं का तुमी?" त्यांनी चहा घेतला नाही.

त्या दिवसापासून मी अकरा पत्रे लिहिली आहेत, प्रत्येक पोचपावतीसह. पहिल्या पत्रात मी माझी सही चुकीच्या परिस्थितीत, तपासणी न करता दिल्याचे लेखी कबूल करून ती मागे घेतली. उत्तर नाही. माहिती अधिकाराखाली अर्ज केला. मंडळ खासगी आहे, कायदा लागू नाही, असे कळवण्यात आले. तुकडे पाहू देण्याची मागणी केली. ते भंगारात गेल्याचे तोंडी सांगण्यात आले. लेखी द्या म्हटले. लेखी मिळाले नाही.

या सर्व प्रकरणात मला आपणहून उत्तर देणारा माणूस एकच. श्रावणातल्या एका दुपारी महादूतात्या माझ्या दारात आले. टोपी हातात. मी त्यांना बसा म्हणालो नाही, हे कबूल करतो.

"पावणं, त्या पोरीची सायकल माज्या आवळण्यानं मोडली, आसं तुमी पत्रात लिवलंय म्हनं."

"लिहिलंय."

"बराबर लिवलंय." ते उभेच होते. "आवळताना एकदा कट्ट करून वाजलं हुतं. मला वाटलं, पट्टी बसली. उसात कांडं मोडतं की, तसंच. कांडं मोडलं तर आपन बघत न्हाई. पन मागनं मनात बसलं त्ये. त्ये पट्टीचं न्हवतं."

"हे समितीला सांगितलंत?"

"गेलतो. अध्यक्ष म्हनाले, तात्या, तुमी साधी मानसं, ह्यात पडू नगा. मी म्हटलं, मी पडलोय की कवाच."

मग मी त्यांना आत घेतले. त्यांनी आपल्या हाताने, मोठ्या अक्षरांत, पाऊण पान निवेदन लिहून दिले. खाली सही केली आणि मला म्हणाले, "त्यो तुमचा शबुद लिवू का? हरकतीसह?" मी म्हणालो, "नको तात्या. तुमची कशालाच हरकत नाही. तुम्ही खरं सांगताय." त्यांचे नाव मी वर जबाबदारांत लिहिले आहे. ते त्यांच्या संमतीने.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा लेख त्यासाठी आहे.

त्या शनिवारी टपावर चार सायकली होत्या. दोन अॅल्युमिनियमच्या, त्यांना काही झाले नाही. दोन कार्बनच्या. एक अक्षताची, ती मोडली. दुसरी सचिवांच्या पुतण्याची. तीच पट्टी, तोच दाब, तीच जागा. अपघातानंतरच्या आठवड्यात त्या मुलाने ती सायकल चालवणे बंद केले आणि त्याच्याकडे नवी आली. जुनी विकलेली नाही, दुरुस्तीलाही दिलेली नाही. सचिवांच्या घरी माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवली आहे. हे त्या मुलाने मला स्वतः सांगितले. त्याला त्रास होऊ नये म्हणून अधिक लिहीत नाही. एवढेच विचारतो : ती सायकल निर्दोष असेल, तर ती माळ्यावर का? आणि सदोष असेल, तर आपल्या घरच्या मुलाला त्या सायकलीवरून खाली उतरवणाऱ्या सचिवांनी दुसऱ्याच्या मुलीला बेदरकार का ठरवू दिले?

मंडळाचे अध्यक्ष, सचिव आणि समितीचे अध्यक्ष यांना मी या अंकातून जाहीर आवाहन करतो. अंतिम निवड चाचणीच्या नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी, येत्या कोणत्याही रविवारी सकाळी, ती दुसरी सायकल मंडळाच्या आवारात एका टेबलावर ठेवा. सर्व खेळाडूंना आणि पालकांना बोलवा. अक्षता येईल, तिचे वडील येतील, महादूतात्या येतील. मी एक नाणे घेऊन येईन. दांडीवर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, बोटभर अंतराने, सर्वांना ऐकू जाईल असे वाजवीन.

आवाज सगळीकडे कोरडा आला, तर मी त्याच टेबलावर अक्षताची आणि तुमची क्षमा मागेन, आणि यापुढे कोणाच्याही सायकलीला हात लावणार नाही. पट्टीच्या जागी तो बसका आला, तर बंदीचा आदेश तिथेच, त्या मुलीसमोर, तुम्ही स्वतःच्या हाताने रद्द करा, आणि अहवालातली 'सबब' कोणी लिहिली ते नाव घेऊन सांगा.

माझे उत्तर मी वर दिले आहे. सही माझी होती, चूक माझी होती. आता तुमचे उत्तर द्या. पत्राने नको, फोनवर नको, माझ्या घरी माणूस पाठवून नको. सर्वांसमोर, त्या टेबलाशी.